तीसची दाढी, पन्नासची दाढी

उंद्रीच्या स्टँडजवळ वाहेदभाईचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि समोर एक बाक. खुर्च्यांवर गिऱ्हाईक बसतं, बाकावर गाव. बाकावर बसायला दाढी वाढलेली असावीच लागते असं नाही. आमच्यातले काही सकाळी दाढी करून जायचे आणि दुपारी पुन्हा येऊन बसायचे. वाहेदभाईनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. रिकामं सलून पाहून गिऱ्हाईक बिचकतं, असं त्याचं मत. तेव्हा आम्ही एक प्रकारे दुकानाची बिछायतच होतो, फक्त भाड्याची नव्हतो.

दाढीचे वीस रुपये. कोरोनाच्या आधीपासून वीसच. मधल्या काळात चहा पाचाचा दहावर गेला, एसटीचं तिकीट वाढलं, दाढी मात्र जागची हलली नाही. याचं कारण वाहेदभाईचा स्वभाव. ज्याच्या गळ्यावर आपण वस्तरा धरतो त्याच्याकडं पैसे वाढवून मागणं बरं दिसत नाही, असं तो म्हणे. त्यात त्याचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या खुर्चीमागं त्याचा मुलगा फैजान उभा राहायचा. दोन वर्षं मलकापूरच्या एका मोठ्या सलूनमध्ये काम शिकून आलेला. कानाजवळचे केस असे उतरवायचा की कुठं संपले ते बोट फिरवूनही कळू नये. घरी बापलेक आपल्या बोलीत बोलत. दुकानात मात्र वऱ्हाडीत, कारण बाकावरच्यांना एखादी गोष्ट कळली नाही तर ते पुन्हा विचारत.

त्यामुळं फैजानला पुण्याहून बोलावणं आलं, हे वाहेदभाईच्या बरोबरीनं आम्हालाही कळलं. तिथं त्याच्या मलकापूरच्या दोस्तानं सलून टाकलं होतं. पगार बरा, राहायची सोय. ईदनंतर ये, म्हणाला होता. फैजाननं घरी सरळ हिशेब मांडला. दाढीचा गल्ला दिवसाला बाराशे. केसांचे पैसे भाड्यात, विजेत आणि घरखर्चात जातात, ते धरायचे नाहीत. बाराशेत दोघं. गल्ला दोन हजारावर गेला तर निम्मे त्याचे, म्हणजे पुण्याइतकेच पडतात. मग तो कशाला जाईल? गल्ला तिथवर नाही गेला तर मात्र त्याला जावं लागेल.

वाहेदभाईला दोन मुली होत्या, दोघी सासरी. घरात तो, बायको अख्तरी आणि हा. पोरगा जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. पण 'जाऊ नको' म्हणायला तो भाव वाढवण्याइतकाच लाजायचा. त्यातल्या त्यात भाव वाढवणं सोपं वाटलं.

सल्ला मिळाला तो धम्मरत्नकडून. धम्मरत्न चिखलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पोस्टातून निवृत्त झालेल्या शंकररावांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत तो दाढीला बसला असताना वाहेदभाईनं फेस लावता लावता विषय काढला.

"वीस लय कमी होतात, वाहेदचाचा," धम्मरत्न म्हणाला. "दहा वाढवून पाहा. थोडेक लोक कमी होतीन, पण गल्ला वाढन. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा…"

इथं वस्तरा वरच्या ओठावर आला. वस्तरा वरच्या ओठावर असताना उंद्रीत कोणी बोलत नाही. सरपंचही बोलत नाही. ओठ मोकळा झाला तेव्हा बाकावरून कोणीतरी सोयाबीनच्या भावाचं काढलं, त्यावर भांडण झालं, आणि तेवढ्यात चिखलीची एसटी लागली. धम्मरत्न गाल पुसत पळाला. पुढं त्याला कसल्याशा प्रशिक्षणाला अमरावतीला पाठवलं, तिथून परस्पर पेपर तपासायला बसवलं. अशा रीतीनं अर्धा सिद्धांत उंद्रीत राहिला आणि अर्धा अमरावतीला गेला.

जो राहिला तो वाहेदभाईनं लगेच अमलात आणला. फैजाननं पत्र्याच्या पाटीवरचे वीस पुसून तीस रंगवले.

गिऱ्हाईक किती घटतं हे कळायला आमच्याकडं फार चोख सोय आहे. सलूनमध्ये एक पातं मधोमध मोडून दोन दाढ्यांना पुरवतात, आणि वापरलेलं अर्धं पातं एका डब्यात टाकतात. रोज दुकान बंद करताना फैजान तो डबा हलवून, मग मोजून रिकामा करायचा. वीसच्या भावात दिवसाला साठेक दाढ्या पडत. तीसला पन्नास पडू लागल्या. रोज येणारे काही जण दिवसाआड येऊ लागले होते, एवढाच फरक. कोणाच्या चेहऱ्यावर तो उठून दिसतही नव्हता. आणि गल्ला मात्र बाराशेचा पंधराशे झाला.

वाहेदभाई त्या महिन्यात दाढी करताना गुणगुणायचा. गळ्यावर वस्तरा असताना न्हाव्यानं गुणगुणू नये असं आमचं मत होतं, पण त्याच्या आनंदात आम्ही मध्ये आलो नाही.

दहा रुपयांत तीनशे वाढले, तर आणखी दहांत आणखी तीनशे वाढतील, आणि दोन हजार आता दूर नाही, हा हिशेब लहान पोरालाही पटला असता. आम्हाला तर पटलाच. पाटीवर चाळीस आले. पुन्हा दहा दाढ्या गेल्या. या वेळी गल्ल्यात शंभरच वाढले.

मागच्या खेपेला तीनशे आणि या खेपेला शंभर, हे काऊन, यावर बाकावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी थंडीवर ठपका ठेवण्यात आला. थंडीत माणूस तोंडाला पाणी लावून घेत नाही, हे खरंच आहे. थंडीनं आपल्या बाजूनं काही सांगितलं नाही.

पाटीवर पन्नास आले. डब्यात अर्धी पाती तीस. गल्ला पंधराशे.

आता गल्ला वाढायच्या ऐवजी मागं आला होता. कोणीही थांबून विचार केला असता. पण वाहेदभाईचा अनुभव असा होता की भाव वाढवला की पैसा वाढतो; दोनदा तर त्यानं स्वतःच्या हातानं मोजला होता. म्हणजे औषध बरोबर होतं, मात्रा कमी पडत होती. फैजानलाही तसंच वाटलं, कारण ईद जवळ येत चालली होती आणि त्यालाही, आज ना उद्या, काहीतरी एक ठरवायचंच होतं. पाटीवर साठ आले.

तेव्हा मात्र गावाचा चेहरा बदलला. किराणा दुकानात दाढीची रेझरं संपली. पन्नाशीतले बाप्पे आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातानं दाढी करू लागले आणि हनुवटीला कापूस लावून बाजारात फिरू लागले. ज्यांना रक्त पाहवत नव्हतं त्यांनी दाढ्याच राखल्या. एसटीच्या कंडक्टरनं एकाला हळूच विचारलं, की गावात कोणी मोठं माणूस गेलं का सगळ्यांनी मिळून नवस केला. आमचा बाकही ओस पडला. इतका मोठा आरसा समोर असताना दाढी वाढवून फुकट बसणं बरं दिसेना.

राहिले ते कोण, तर बँकेतले दोघं, लग्न ठरलेली पोरं आणि शंकरराव.

शंकररावांचं सांगायला पाहिजे. त्यांचे वडील ज्या काळात वाढले त्या काळात गावचा न्हावी त्यांच्या वस्तीकडं फिरकत नसे. माणसं एकमेकांची दाढी काचेच्या तुकड्यानं खरवडत. तेव्हा वाहेदभाईचे आजोबा एक दिवस आपली पेटी घेऊन वस्तीत गेले आणि निंबाच्या झाडाखाली बसले. शंकररावांच्या वडिलांनी त्या दिवशी दाढी केली ती पुन्हा कधी वाढू दिली नाही, आणि शंकररावांनीही नाही. दाढी असो की नसो, रोज सकाळी नऊला ते खुर्चीत असतात. वाहेदभाईला कधी कधी नुसताच फेस उतरवावा लागतो.

साठचा भाव लागून आठवडा झाला असेल. शंकररावांनी साठ रुपये दिले, सुटे मागितले नाहीत, आणि जाता जाता उंबऱ्यात थांबले.

"वाहेद, माह्याकडं पाहून भाव नको ठरवू," ते म्हणाले. "मी शंभरालेही येईन. सारं गाव शंकरराव नाही."

वाहेदभाईनं मान हलवली. त्यालाही ते दिसत होतं. डब्यात रोज वीस अर्धी पाती पडत होती. वीस दाढ्या, साठ रुपये, बाराशे. सगळा रस्ता चढून तो जिथून निघाला त्याच गल्ल्यावर येऊन पोचला होता. फरक एवढाच की तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसे आणि आता फैजान दुसऱ्या खुर्चीत स्वतःच बसून मोबाईल पाहत असे. वाहेदभाई आल्यागेल्याला सांगायचा, साठ दाढ्या करत होतो तेव्हा हात दुखत नव्हते, आता वीस करून दुखून राह्यले.

रोजे निम्मे सरले असताना धम्मरत्न गावी आला. अमरावतीत त्यानं दाढी वाढवली होती, ती काढायला तो दुपारी सलूनमध्ये शिरला. आम्ही त्याच्या मागोमाग शिरलो. बाकाला बऱ्याच दिवसांनी माणसं मिळाली.

वाहेदभाईनं तक्रार केली नाही. काय काय झालं ते सगळं क्रमानं सांगितलं, तीस, चाळीस, पन्नास, साठ. आणि सांगता सांगता त्यानं या वेळी वस्तरा सगळ्यात आधी वरच्या ओठावर चालवला, म्हणजे पुढं माणूस बोलायला मोकळा.

"चाचा, म्या तेच तं सांगत होतो तवा," धम्मरत्न म्हणाला. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. त्यानं गालावरचा थोडा फेस बोटानं घेतला आणि आरशावर एक तिरपी रेघ ओढली, वरून डावीकडून खाली उजवीकडं. वरच्या टोकाला साठ म्हणाला, खालच्या टोकाला वीस.

आता त्यानं जे सांगितलं ते आम्ही जसं समजलो तसं सांगतो. रेघ सरळ आहे. खाली असो की वर, दहा रुपये वाढवले की दहा दाढ्या सुटतात. पण दहा म्हणजे किती, हे तुम्ही रेघेवर कुठं उभे आहात त्यावर ठरतं. वीसवर दहा वाढवले तर भाव दीडपट झाला, आणि साठातल्या दहा दाढ्या गेल्या त्या कोणाच्या डोळ्यातही आल्या नाहीत. म्हणून खाली वाढवलेलं पचतं. वर तेच दहा उलटे पडतात. पन्नासावर दहा म्हणजे भाव थोडासाच वाढला, पण उरलेल्या तीसातून दहा गेल्या म्हणजे तिसरा हिस्सा दुकानाबाहेर. तेच गाव, तीच माणसं. खाली ती भावाकडं ढुंकून पाहत नाहीत आणि वर एक रुपयानंही बिथरतात.

"म्हंजे थंडीचा काही दोष नव्हता?" बाकावरून विचारणा झाली.

नव्हता, असं धम्मरत्ननं सांगितलं. आम्हाला थंडीबद्दल थोडं वाईट वाटलं.

"मधात चाळीस येतात," तो पुढं म्हणाला. "चाळीसले चाळीस दाढ्या, सोळाशे. हे गल्ल्याचं शिखर. इकडं उतरा का तिकडं उतरा, कमीच भेटन."

वाहेदभाईच्या हातातला वस्तरा थांबला.

"अन् दोन हजार?"

"या रेघेवर दोन हजार कुठीच नाही, चाचा."

आरशावरचा फेस हळूहळू खाली सरकत होता. फैजान दुसऱ्या खुर्चीमागं उभा राहून कोरडे टॉवेल घडी करत होता, आणि घडी केलेलेच पुन्हा उघडून घडी करत होता. दोन हजार त्याचाच आकडा होता. त्यानं सांगितला तेव्हा अवघड वाटला होता. पण नाहीच आहे, असं कोणी म्हटलं नव्हतं.

आम्ही वातावरण सावरायला म्हटलं, की मग चाळीस लावून टाका, सोळाशे काही वाईट नाही. वाहेदभाईनं ते ऐकलं नाही. तो आरशाकडं पाहत होता. बोटानं त्यानं रेघेचा मध्य सोडून एकदा खालच्या बाजूला दाखवलं.

"तीसले किती?"

"पन्नास दाढ्या. पंधराशे."

बोट वरच्या बाजूला गेलं. "अन् पन्नासले?"

"तीस दाढ्या. पंधराशेच."

त्यानं पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. मग तो धम्मरत्नचा दुसरा गाल करायला लागला.

बाकावर बसणाऱ्यांना कुठली गोष्ट कोणी न सांगता कळणं दुर्मिळ. ही कळली. धंद्यातला एक माणूस दिवसाला तीस दाढ्या सुखानं करू शकतो. चाळीस एकट्यानं होत नाहीत आणि दोघांना पुरत नाहीत. पन्नास दाढ्यांना मात्र दोन माणसं लागतातच. म्हणजे पाटीवर तीस लिहिले तर पंधराशे, आणि दोन्ही खुर्च्या चालू. पन्नास लिहिले तरी पंधराशे, पण एकच खुर्ची, एकच माणूस, आणि पैसे सगळे त्याचे. गल्ल्याला काहीच कळणार नव्हतं. जे कळायचं ते फैजानला कळणार होतं.

आमच्यापैकी कोणी असता तर ही गोष्ट घरी बोलला नसता. पोराला वाटू दिलं असतं की दुकान तुझ्यावाचून बुडतं, आणि पोरगा राहिला असता. असल्या गोष्टी गावोगाव चालतात, आणि म्हातारपणी माणसं त्याला संस्कार म्हणतात.

धम्मरत्नचे पैसे वाहेदभाईनं घेतले नाहीत. तो गेल्यावर त्यानं आरसा पुसला, माळ्यावरून रंगाचा डबा आणि कुंचला काढला, पाटी खाली उतरवून मांडीवर घेतली आणि साठ खरवडून काढले. आम्ही उठायला हवं होतं. उठलो नाही.

"काय लिहू?" त्यानं फैजानला विचारलं. "तीस का पन्नास?"

बाहेर एक एसटी आली, उतरणारे उतरले, चढणारे चढले, ती गेली. फैजान हातातल्या टॉवेलकडं पाहत होता.

"तीस लिहा, अब्बा," तो म्हणाला.

वाहेदभाईनं कुंचला रंगात बुडवला. मग डब्याच्या काठावर जादाचा रंग निथळेस्तोवर थांबला.

"तीस म्हनायले तुले एवढा टाइम लागला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पन्नास म्हनला असता तं मले वाईट वाटलं असतं. पन टाइम नसता लागला."

आणि त्यानं पन्नास लिहिले.

हात रोज्यानं थकलेला असेल किंवा आणखी कशानं. शून्य वाकडं आलं, एका बाजूनं चपटं. फैजाननं थोडा वेळ ते पाहिलं. मग बापाच्या शेजारी उकिडवा बसला, त्याच्या हातातून कुंचला घेतला आणि शून्य नीट गोल करून दिलं. दोघांनी मिळून पाटी दारावर टांगली. अख्तरीभाभीला हे कोणी आणि कसं सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही, कारण ते घरी झालं.

ईद झाल्यावर फैजान पुण्याला गेला. दर आठवड्याला फोन येतो. तिथं दाढीचे दीडशे घेतात, असं तो सांगतो, आणि वर मानेला मालिशही करून देतात. धम्मरत्न म्हणतो, ती दुसरी रेघ आहे, तिच्याशी आपली तुलना नको.

इकडं दुकान पन्नासवर चालतं आणि बरं चालतं. दाढ्या तीसच्या आसपास पडतात, वाहेदभाईला जेवायला दुपारी घरी जाता येतं. शंकरराव नऊला येतात. आम्हीही दाढीला आठवड्यातून एकदा येतो आणि बसायला रोज. दाढी वाढलेली असली तरी आताशा आरशाची लाज वाटत नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मधे दुकान फार शांत होतं आणि तेव्हा वाहेदभाई रस्त्याकडं पाहत बसतो, हे आमच्या ध्यानात आल्यापासून आम्ही पाळ्या लावून घेतल्या आहेत.

बसायचे पैसे त्यानं अजून लावलेले नाहीत. लावलेच, तर पहिल्या दहा रुपयांत बाकावरून किती जण उठतील, हे आम्ही धम्मरत्नला विचारलं होतं. तो म्हणाला, त्याचा डबा कोणी ठेवलेला नाही, तेव्हा सांगता येणार नाही. शंकरराव म्हणाले, सांगता येतं. पण किती ते त्यांनी सांगितलं नाही. दाढीसाठी मान वर करून डोळे मिटून घेतले.